विचारलं नाही

आमच्या बालरुग्णालयात एक कागद असायचा. त्याला आम्ही ‘कालचा कागद’ म्हणायचो. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळपर्यंत मुलाच्या तोंडात काय काय गेलं, ते त्यावर शिसपेन्सिलीने लिहायचं. दूध, बिस्कीट, खोकल्याचं औषध, शेजारणीने हातावर ठेवलेला बत्तासा, सगळं. प्रत्येक पदार्थापुढे तीन चौकोन होते. यात शेंगदाणा होता का? होय. नाही. विचारलं नाही.

तिसरा चौकोन मी घालून घेतलेला. शिकायला येणाऱ्या मुलींना तो आवडायचा नाही. त्यावर खूण करणं म्हणजे आपण काम केलं नाही अशी कबुलीच, म्हणून त्या जागा कोरी ठेवायच्या. मग वाचणारा डॉक्टर कोऱ्या जागेला ‘नाही’ समजायचा. मी त्यांना सांगायची, “‘नाही’ म्हणजे तू बघितलंस आणि नव्हतं. कोरं म्हणजे तू बघितलंच नाहीस. या दोन्हींच्या मधल्या फटीत मूल जाऊ शकतं. लाज वाटली तरी लिही, विचारलं नाही.”

सोलापुरात हे फार जपावं लागतं. इथे शेंगदाण्याला कुणी वेगळा पदार्थ मानत नाही. आमटीत काय घातलं असं विचारलं, तर बाई तिखट, मीठ, चिंच, गूळ सगळं सांगेल आणि कूट सांगणार नाही, कारण ते असणारच. म्हणून मी ‘काय घातलं’ असं विचारायची नाही. ‘आमटी कशी करता, पातेलं चुलीवर ठेवल्यापासून सांगा’ म्हणायची. सासू सोबत असली तर तिला मुलाला घेऊन वजनकाट्याच्या खोलीत पाठवायची आणि तेच सगळं सुनेला पुन्हा विचारायची. मग सुनेला पाठवून सासूला. दोन कागद समोरासमोर धरले की खरं काय ते दिसायचं. अठ्ठावीस वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून हे केलं.

पर्णिका कोनापुरे पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती. काकडीच्या कोशिंबिरीचा एक घास खाऊन तिचे ओठ सुजले होते आणि अंगभर गांधी उठल्या होत्या. सोबत आई श्रुतिका आणि आजी शारदाबाई. कोनापुऱ्यांचं घर बाळीवेशीत. शारदाबाई तीस वर्षं घरी शेंगाचटणी करून विकत होत्या, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. ज्या घरातलं पोट दाण्यावर चालायचं, त्याच घरातल्या नातीला दाणा चालत नव्हता.

लहान मुलांना ॲलर्जी समजावताना मी गड्ड्याच्या जत्रेची गोष्ट सांगायची. जत्रेत इतकी गर्दी, पोलीस उभे. एका पोलिसाने साध्या पाहुण्याला चोर समजून शिट्टी फुंकली. ती ऐकून दुसऱ्याने फुंकली, तिसऱ्याने फुंकली. सगळे लाठ्या घेऊन धावले. पाहुणा राहिला बाजूला, चेंगराचेंगरी झाली ती आपल्याच माणसांची. तुझ्या पोटातल्या पोलिसांना शेंगदाणा चोर वाटतो. ते धावले की घसा सुजतो, छाती भरते, रक्ताचा दाब उतरतो.

“मग पोलिसांना सांगा की तो चोर नाही,” पर्णिका म्हणाली.

“सांगून बघितलं. ऐकत नाहीत.”

“मग पाहुण्यालाच सांगा, येऊ नको.”

“तेच तर तुला शिकवणार आहे.”

माझ्या टेबलावर सात वाट्या असायच्या, मातीच्या केलेल्या पदार्थांच्या. पोहे, कोशिंबीर, खिचडी, भरलं वांगं, लाडू, आमटी, चिक्की. ‘कूट कुठे लपलं’ हा आमचा खेळ. मूल प्रत्येक वाटीपुढे मला विचारायचं, “यात कूट आहे का?” कधी मी वाटीकडे बघून उत्तर द्यायची, कधी मुद्दाम खिडकीकडे बघून. नियम एकच होता. विचारायचं आणि उत्तर देणाऱ्याचे डोळे बघायचे. तो पदार्थाकडे बघून ‘नाही’ म्हणाला तर खायचं. दुसरीकडेच बघून म्हणाला तर खायचं नाही, मग तो कुणी का असेना. पर्णिका तासाभरात तरबेज झाली. चौथ्या वाटीला मी पंख्याकडे बघून ‘नाही गं’ म्हटलं, तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “पंख्यात कुठाय आमटी?”

शारदाबाई खो खो हसल्या. “मॅडम, माझ्या घरात ही आता फौजदार झाली बघा की ओ.”

घरी गेल्यावर त्यांनी उखळ मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवलं. कुटून झालं की आंघोळ, दुसरं लुगडं, मगच नातीला हात लावायचा. शेजारणी चिडवायच्या, “शारदाक्का, लोक देवासाठी सोवळं पाळतात. तुझं हे कसलं उलटं सोवळं?” त्या म्हणायच्या, “माझा देव दाणा खात नाही, काय करू?” दोन वर्षं त्या घरात घसा सुजल्यावर मांडीत टोचायची सुई एकदाही वापरावी लागली नाही. ॲड्रिनॅलिनची ती पेनासारखी सुई देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलेली असायची.

मग मणी आला.

तो तिळाएवढा होता. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तो दाताच्याच रंगाच्या लेपाने चिकटवायचा. जागा विचारपूर्वक निवडलेली, कारण जिभेखालची लाळ तिथेच साचते. मण्याच्या पृष्ठभागावर असे रेणू बसवले होते की शेंगदाण्यातलं एक विशिष्ट प्रथिन आलं की तेवढंच पकडायचे, बाकी सगळं सोडून द्यायचे. प्रथिन अडकलं की मण्यातून वाहणारा इवलासा विद्युतप्रवाह बदलायचा. त्याची खबर मनगटावरच्या कड्याला आणि तिथून घरच्यांच्या फोनला. मण्याला बॅटरी नव्हती, लाळेतल्या क्षारांवरच तो चालायचा. घास जिभेवर ठेवायचा, दहा अंक मोजायचे. कड्यावर नि फोनवर लाल दिवा लागला तर थुंकायचं, चूळ भरायची. हिरवा लागला तर गिळायचं. मी स्वतः महिनाभर चाचण्या बघितल्या. हजार घासांत तो एकदाही चुकला नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

जूनमध्ये पर्णिकाला मणी बसला. त्या दिवशी श्रुतिका एकटीच तिला घेऊन आली होती. खुर्चीवरून उतरल्यावर पर्णिकाने कडं निरखलं आणि मला विचारलं, “मॅडम, आता मी विचारलं आणि आज्जीनं वाटीकडे न बघता फोनकडे बघितलं, तर?”

मी हसले. म्हटलं, “फोनकडे बघितलं तरी चालेल.”

ऑगस्टमध्ये सासू-सून दोघी आल्या. श्रुतिकाने खुर्चीवर बसायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरला. “बघा मॅडम. बुधवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. लाल. मी औषधाच्या दुकानात कामावर. हिचे पप्पा हैदराबादला. घरात कोण होतं ते तुम्हीच विचारा.”

“मी काही दिलं नाही,” शारदाबाई म्हणाल्या.

“मग मणी खोटं बोलतो का, आत्या?” सासूला ती आत्या म्हणायची.

“त्याला मी कशाला खोटं म्हणू? पण मी दिलं नाही. पोरीची शपथ.”

“शपथ घेऊ नका हो तिची!”

पर्णिकाच्या हनुवटीवर फक्त चार पुरळ उठले होते, तेही दुसऱ्या दिवशी गेले. पूर्वी असतं तर मी श्रुतिकाला वजनकाट्याकडे पाठवून शारदाबाईंना विचारलं असतं, चार वाजल्यापासून सांगा. कुठे बसला होता? पोरगी कुठून आली? हाताला काय होतं? पण मणी आल्यापासून माझ्या पडद्यावर प्रत्येक मुलापुढे एक ओळ यायची : ‘आहाराची नोंद उपलब्ध. मुलाखतीची गरज नाही.’ एका कुटुंबाला सात मिनिटं. बाहेर नऊ कुटुंबं बसलेली.

शारदाबाई माझ्याकडे बघत होत्या. “मॅडम, तुम्ही तर मला ओळखता. दाणा करपायच्या आधी मला नाकानं कळतं. माझ्या घरात पोरीच्या तोंडात दाणा जाईल आणि मला कळणार नाही?”

“शारदाबाई,” मी म्हटलं, “तुमच्या अंदाजावर जाऊ नका. यापुढे फोन काय म्हणतो ते बघा.”

“म्हणजे ते माझ्या नाकापेक्षा शहाणं?”

“हो.”

त्यांनी पदर सारखा केला आणि उठल्या. जाताना पर्णिकाने त्यांचा हात धरला, तेव्हा श्रुतिकाने तो सोडवून आपल्या हातात घेतला. सात मिनिटं झाली होती.

सप्टेंबरात मण्याच्या कंपनीबरोबर बैठक होती. मण्याची एक अडचण निघाली होती. ओल्या तोंडातून रेडिओलहरी नीट बाहेर पडत नाहीत. मुलाने तोंड मिटलं, उशीत खुपसलं, की मणी आणि कडं यांचा संपर्क तुटायचा आणि फोनवर राखाडी दिवा लागायचा. राखाडी म्हणजे ‘मला काही ऐकू येत नाही’. दिवसातून चाळीस वेळा. आई-बाप घाबरून फोन करायचे. एक बाई आठवड्यात चार वेळा मुलाला घेऊन तातडीच्या विभागात आली होती.

कंपनीचा इंजिनियर निनाद चांगला मुलगा होता. म्हणाला, “मॅडम, चाळीस वेळा उगाच घाबरवलं की एक्केचाळिसाव्या वेळी लोक बघणारच नाहीत. म्हणून राखाडी काढून टाकू. मणी लाल म्हणेपर्यंत हिरवा ठेवू.”

“म्हणजे मणी गप्प असला तरी हिरवा?”

“गप्प आहे म्हणजे काही सापडलं नाही, असंच ना?”

मी माझा तिसरा चौकोन सांगितला. कोरं आणि ‘नाही’ यांतला फरक सांगितला. तिथे सगळे डॉक्टर होते, त्यातल्या तिघांना तर मीच तो कागद वाचायला शिकवला होता. वैद्यकीय अधीक्षक डॉ. सलगर माझं ऐकून घेऊन हसले. “बिराजदार मॅडम, तुमचा चौकोन फार सुंदर आहे. पण आई-बापांना होय किंवा नाही हवं असतं. तुमचं तत्त्वज्ञान त्यांना परवडत नाही.”

सगळे हसले, मीही थोडी हसले. इतिवृत्ताचा कागद फिरत फिरत माझ्यापुढे आला. मनात म्हटलं, मशीन काही का दाखवेना, आपला कालचा कागद आहेच. आणि सही केली.

ऑक्टोबरात कालचा कागद बंद झाला. मणी बसवलेल्या मुलांच्या भेटी सहा महिन्यांनी एक अशा केल्या. सात वाट्या मी घरी आणल्या.

पर्णिका सहा वर्षांची झाली होती. सहाव्या वर्षी मुलांचे कुठले दात पडतात, हे कुणालाही सांगता येईल. खालचे, पुढचे. डिसेंबरात तिचा दात हलायला लागला, तेव्हा श्रुतिकाने नियमाप्रमाणे मण्याच्या ॲपवर कळवलं. लगेच उत्तर आलं : ‘आपला मणी व्यवस्थित काम करत आहे. पुढील भेट मार्चमध्ये.’ ती माझ्यासमोर दोन मिनिटं जरी बसली असती, तरी तिच्या बोलण्यावरून मला दात हलतोय हे कळलं असतं. समोर बसलेल्या मुलाचे दात मोजायची मला सवयच आहे. पण ती समोर नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी चार वाजता मला अतिदक्षता विभागातून फोन आला.

पर्णिकाच्या तोंडात नळी होती. श्रुतिका काचेला कपाळ लावून उभी. शारदाबाई लांब, जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, पायात चप्पल नाही. श्रुतिका मागे न वळता म्हणाली, “त्यांना विचारा काय खायला घातलं ते. मला सांगत नाहीत.”

मी नर्सकडून मागच्या बाजूने कोरा असलेला एक कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि शारदाबाईंच्या शेजारी पायरीवर बसले. हातानेच तीन चौकोन आखले.

“शारदाबाई, सकाळपासून सांगा. पोरगी उठली तिथपासून.”

त्यांनी सांगितलं. दूध. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, घरची, स्वतः केलेली. वांग्याची भाजी, कुटाशिवाय. दुपारी पर्णिका मागच्या दारी खेळत होती. तोंडात हात घालून धावत आली, “आज्जी, दात पडला!”

“दात कुठाय?”

“टाकला की. पत्र्यावर. उंदराला सांगितलं, जुना घे नि नवा दे. टण्ण वाजला तेव्हा पोरगी काय हसली, मॅडम.” त्या थांबल्या. “का? दाताचं काय?”

“मणी कुठे होता, तुम्हाला माहीत होतं?”

“दाढेत ना?”

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. जूनमध्ये त्या आल्या नव्हत्या. ऑगस्टनंतर त्या घरात मण्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. पत्र्यावरच्या उन्हात तो तीळ वाळला असणार. लाळ नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून आवाज नाही. आणि गप्प मण्याचा अर्थ आम्ही सप्टेंबरात ठरवून टाकला होता.

“मग?”

“तीनच्या सुमाराला शेजारच्या नव्या बिऱ्हाडातली बाई वाण घेऊन आली. ताटलीत पोळ्या. म्हणाली, तिळाच्या आहेत. पोरगीनं एक हातात घेतली आणि मला विचारलं, ‘आज्जी, यात कूट आहे का?’”

माझी पेन्सिल थांबली.

“मी वास घेतला,” शारदाबाई म्हणाल्या.

“कसला आला?”

“दाण्याचा. भाजलेल्या दाण्याचा. तिळाच्या खाली होता, पण होता.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. “मग मी फोन बघितला. हिरवा. पोरगीनं जिभेवर ठेवून दहा मोजले. हिरवा. म्हटलं, आपलं नाक म्हातारं झालं. मागे एकदा चुकलंच होतं. म्हटलं, खा.”

पाच मिनिटांत पर्णिकाचा आवाज बसला. शारदाबाई सुई घ्यायला देवळीकडे गेल्या आणि परत फोन बघितला. हिरवा. त्यांनी सुनेला फोन लावला. सुनेने आपल्या फोनवर बघितलं आणि म्हणाली, “आत्या, हिरवा आहे. दाणा नाही. घशात काहीतरी अडकलं असेल, पाणी द्या. सुई उगाच टोचू नका.” अकरा मिनिटं गेली. ओठ निळे पडले तेव्हा शारदाबाईंनी फोन भिंतीवर आपटला आणि मांडीत सुई खुपसली. ती अकरा मिनिटं श्रुतिका अजूनही कुणाला सांगत नाही. मी तिला कधी विचारलेलं नाही.

“शारदाबाई, एक सांगा,” मी म्हटलं. “ऑगस्टमधला तो बुधवार. चार वाजता. तुम्ही कुठे होता?”

“उखळावर.”

“पोरगी?”

“अंगणात पडली. गुडघा फुटला. रडत माझ्याकडं आली.”

“मग तुम्ही काय केलं?”

“काय करणार? उचलली. नाक-तोंड पुसलं.”

“कशानं?”

त्यांनी नकळत उजव्या हाताने पदर धरला आणि तो हात तसाच राहिला. त्या बुधवारी होता तो लुगडं बदलायच्या आधीचा पदर. कुटाने माखलेला. त्या पदराकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे दाणा माझ्याच पदराचा. माझं नाक चुकलं नव्हतं.”

“नाही.”

“तुम्ही तेव्हा विचारलं नाही ओ, मॅडम.”

मणी खोटं बोलला नव्हता. तोंडात काय आलं एवढंच त्याला कळायचं. कसं आलं, कुणाच्या मायेने आलं, ते कळण्यासाठी माणसाला माणसासमोर बसावं लागतं. मी दोन पानं भरून सगळं लिहिलं. दात, पत्रा, पोळी, वास, फोन, पदर. ऑगस्टमध्ये मी त्यांना काय सांगितलं तेही लिहिलं. सप्टेंबरातली सही लिहिली. वर तारीख टाकली आणि ते डॉ. सलगरांच्या हातात दिलं.

पर्णिका नऊ दिवस नळीवर होती. जगली.

मार्चमध्ये चौकशीचा अहवाल आला. माझ्या दोन पानांतलं एक वाक्य त्यात उचललं होतं : ‘शेंगदाण्याचा वास येऊनही आजीने पदार्थ मुलीस खाण्यास दिला.’ त्यावरून निष्कर्ष : घरगुती निष्काळजीपणा. यंत्रात दोष नाही. मणी तोंडात नसताना तो काम करत नाही, हे माहितीपुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर छापलेलं होतं. खाली पाच सह्यांच्या जागा. पाचवी माझी.

मी डॉ. सलगरांकडे गेले. “ऑगस्टमध्ये ही बाई नाकावर विसंबली म्हणून आपण तिला खोटं पाडलं. आता नाकावर विसंबली नाही म्हणून दोषी ठरवताय?”

“मॅडम, तुम्हीच लिहिलंय की तिला वास आला होता.”

“मी त्यापुढेही लिहिलंय.”

“पुढचं सगळं तुमचं मत आहे.” त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. आवाज चढवला नाही, ते सभ्य गृहस्थ. “शंभर मुलं आज त्या मण्यावर आहेत. ती सगळी घरं घाबरवायची का? सही नको तर नका करू.”

मी सही केली नाही. कागद तसाच परत केला, पाचवी जागा कोरी ठेवून. घरी जाताना ताठ मानेने गेले. वाटलं, आज तरी मी नीट वागले.

तीन आठवड्यांनी अंतिम प्रत आली. चार सह्या होत्या. पाचव्या जागेवर बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘विहित मुदतीत लेखी हरकत प्राप्त न झाल्याने संमती गृहीत.’

मी ते बराच वेळ वाचत होते. आयुष्यभर मुलींना ओरडत आले की कोरं ठेवू नका, वाचणारा त्याचा अर्थ त्याच्या सोयीने लावतो. आणि माझी वेळ आली तेव्हा मी कोरं ठेवलं. ‘नाही’ हे दोन अक्षरी उत्तर लिहायला मला काय झालं होतं?

आता मी लेखी हरकत पाठवली, तीन वेळा. पोच मिळाली. उत्तर आलं नाही. जूनअखेर माझी निवृत्ती होतीच. माझी जागा भरायची नाही असं ठरलं.

अहवालाची प्रत कोनापुऱ्यांच्या घरी गेली. शारदाबाईंचा मुलगा हैदराबादहून आला आणि आईला तिच्या भावाकडे मंद्रूपला सोडून आला. उखळ शेजारणीने नेलं, त्यात ती आता तुळस लावते. मी मंद्रूपला गेले होते एकदा. शारदाबाईंनी मला चहा दिला, पण स्वतः केला नाही, भावजयीला करायला सांगितला. “मी आता कुणाच्या खाण्याला हात लावत नाही ओ,” म्हणाल्या.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात श्रुतिका पर्णिकाला घेऊन आली. भेटीची वेळ नव्हती, तशीच आली. पर्णिकाचा उजवा हात अजून नीट उघडत नव्हता आणि शब्द यायला वेळ लागत होता, मेंदूला त्या दिवशी प्राणवायू कमी पडला होता. खालचा नवा दात मात्र पूर्ण आला होता, करवतीसारख्या कडेचा. शेजारच्या दाताला नवा मणी बसवला होता. हाताला कडं, हिरवं.

“मॅडम, ही काहीच खात नाही,” श्रुतिका म्हणाली. “मी दिलं तरी नाही. घास जिभेवर ठेवते, दहा मोजते, हिरवा लागतो, आणि थुंकून टाकते. तुमचं ऐकायची ना पूर्वी. तुम्ही सांगून बघा.”

ती किती वाळली होती ते सांगत नाही. मी श्रुतिकाला वजनकाट्याच्या खोलीत वाट बघायला सांगितलं. घरून सात वाट्या परत आणल्या होत्या, निवृत्तीच्या दिवशी शिकाऊ मुलींना द्यायला. त्या पर्णिकापुढे मांडल्या. पोहे, कोशिंबीर, खिचडी, वांगं, लाडू, आमटी, चिक्की.

“आठवतं?” मी विचारलं. “आधी काय विचारायचं?”

ती वाट्यांकडे बघत होती. तिने डाव्या हाताने लाडूची वाटी जरा सरळ केली. मी थांबले. मुलांचा शब्द यायला वेळ लागला तर थांबायचं असतं, तो आपण पुरवायचा नसतो.

“विचारलं होतं मी,” पर्णिका म्हणाली.

“हो बाळा.”

“आज्जीनं... फोनकडं बघितलं.”

मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“तेव्हाच मी थुंकणार होते,” ती म्हणाली. मग तिने मान वर करून माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मीच शिकवलं होतं तसं. “पण तुम्ही म्हणालात, फोनकडे बघितलं तरी चालेल.”